ओला कापूस

पूड आता राखाडी येत नाही, पांढरी येते.
एक चमचा पूड, तीन थेंब पाणी,
काचेच्या पट्टीवर मी कालवते.
एकोणीस वर्षं झाली.
ओल्या वाळूसारखी झाली की थांबायचं,
कधी, ते मनगटाला कळतं.

खुर्चीत टॅमसिन अटवुल, वय वर्षं नऊ.
शाळा सुटल्यावर जुन्या खाणीच्या कडेवरून घसरली,
समोरचा दात अर्धा तिथेच राहिला.
उरलेला काळवंडत गेला,
आतलं सगळं मेलं
मुळाचं टोक मिटायच्या आधीच.
एक्स-रेत ते मूळ उघड्या नळीसारखं,
भिंती कागदाइतक्या.

कोपऱ्यात तिचे आजोबा सायलस, टोपी गुडघ्यावर.
पोर्टलंडच्या दगडखाणीत बेचाळीस वर्षं,
नखं अजून पांढुरकी.
"त्या लांब कानवाल्यामुळे पडली," म्हणतात.
आमच्या बेटावर सशाचं नाव कुणी घेत नाही.
तो बिळं करतो, आणि कडा माणसांवर येतो.

डॉक्टर इलझे बारीक सुई मुळाच्या पार नेतात
आणि मुद्दाम टोचतात, रक्त यावं म्हणून.
आजोबा ताडकन उभे.
"बसा," त्या म्हणतात, रीगाचा र घोळवत,
"वर येऊ दे. जे काय व्हायचं ते त्यातच."
गाळ उपसलेल्या विहिरीत झऱ्याची वाट बघावी
तसे आम्ही तिघं.
आलं. लाल, मग गडद, मग साकळलं.

"दे आता."
मी पट्टी पुढे केली.
"हे काय?"
मी बेसावध होते. बोलून गेले,
"सिमेंट. आपल्याच बेटाच्या नावाचं जे,
त्याचा धुतलेला, चाळलेला भाऊबंद."

ड्रिलसुद्धा चालू नव्हतं तेव्हा.

ह्या एका शब्दावर ते जन्मभर थुंकत आले होते.
दगडासारखं दिसतं म्हणून दगडाचं नाव घेतलं,
मग गिऱ्हाईकंही घेतली.
क्रेन भंगारात गेल्या. बायकोच्या थडग्याभोवती
पाहुण्यांनी काँक्रीटचा कठडा ओतला,
तो ह्यांनी एका रात्री छिन्नीने काढला;
अख्ख्या बेटाला ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.

"तिच्या तोंडात?"
"तिच्या रक्तावर," इलझे मान न वळवता म्हणाल्या.
"बाकी सगळी सामानं मला कोरडं तोंड मागतात.
ह्याला ओल लागते. ओलीतच घट्ट होतं,
आणि होता होता चुना सोडत राहतं, इवला इवला.
शेजारच्या पेशींना तेवढी चाहूल पुरते. कधीकधी."

"दगडाला पाझर," ते पुटपुटले,
आणि बसले.

वरून मी ओल्या कापसाचा बोळा ठेवला.
टॅमसिन रबरी पडद्याआडून काहीतरी म्हणाली,
मला नुसतं आ-आ-आ ऐकू आलं.
आजोबांना कळलं. "हो," म्हणाले, "थोडीशी."

चौदा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे.
भिंती भरल्या होत्या, डावीकडे जरा कमी,
टोक मिटत आलेलं.
इलझे "बघू" म्हणाल्या. त्या नेहमी "बघू"च म्हणतात.
फसतंही; चिझवेलच्या एका मुलाचा दात
गेल्या हिवाळ्यात आम्ही काढलाच.

मी छापून दिलेला कागद
सायलसनी खिडकीच्या उजेडात धरला,
अंगठ्याने थर मोजले, वरून खाली,
उभं आयुष्य मोजले तसे:
कुठला पोकळ, कुठला चर्चच्या कमानीला चालेल.
"हा नवा थर कुणी घातला? तुमच्या सिमेंटनं?"
"नाही. तिनं."
बराच वेळ बघत राहिले.
मग घडी न घालता कागद टोपीत ठेवला,
आणि टोपी हातातच धरून बाहेर पडले,
पाऊस असूनही.

मी पट्टी धुवायला घेतली.
कडेला सकाळचा एक ठिपका वाळून बसला होता,
नखाने निघेना.